भाकिताची मुदत

सन १९२१ च्या रामनवमीस, एप्रिलच्या १६ तारखेस, पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात टाटा कंपनीच्या धरणाचे खोदकाम जेथे चालू होते त्या जागी जाऊन मावळे बसले आणि कंपनीस काम थांबवावे लागले. सरकारी दप्तराच्या दृष्टीने प्रकरण सरळ होते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, १८९४ चा भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या पाठीशी होता, आणि नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ बांध घालून अडविलेले पाणी, जे एरवी मुळा-मुठा आणि भीमा यांच्या वाटेने पूर्वेस गेले असते ते, बोगद्याने पश्चिमेस वळवून घाटाखाली सुमारे ५०० मीटर खोल, भिरा येथे यंत्रांवर सोडण्याच्या योजनेस इलाख्याच्या सरकारची मान्यता होती. आंबेमोहोर पिकविणाऱ्या खाचरांच्या धन्यांचा प्रश्न मात्र या दप्तरात कोठे बसत नव्हता. कारण तो मोबदल्याच्या रकमेचा नव्हताच, आमच्या संमतीवाचून आमच्या जमिनीत कुदळ पडलीच कशी, असा तो होता.

या लढ्याचे नेतृत्व पुढे ज्यांच्याकडे आले ते पांडुरंग महादेव बापट हे स्वतः यंत्रशास्त्र शिकण्यासाठी शिष्यवृत्तीवर एडिंबरोस गेलेले होते, ही गोष्ट आपल्या इतिहासकारांनी जितकी लक्षात घ्यावी तितकी घेतलेली नाही. विजेचा आणि यंत्रांचा विरोधक अडाणीच असावयाचा, ही समजूत निदान मुळशीपुरती तरी खोटी आहे. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. विनायकराव भुस्कुटे आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले, मावळातील बायकाही सत्याग्रहात उतरल्या, शिक्षा झाल्या. परंतु पुण्यातील सावकार आणि मोठे जमीनधारक यांचे लक्ष जमिनीपेक्षा मोबदल्यावर अधिक होते, आणि कसणारा व धनी यांच्या हितांत पडलेली ही फट कंपनीच्या वकिलांनाही दिसत होती. अखेरीस १९२४ मध्ये बापटांनी शस्त्र हाती घेऊन कंपनीच्या कामाची गाडी अडविली, त्याबद्दल त्यांना सात वर्षांची सजा झाली, आणि पन्नासच्या आसपास गावांच्या शिवारांवर पाणी चढले. भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले.

खोपोली, भिवपुरी आणि भिरा या तीन वीजगृहांचा हा उद्योग ज्या घराण्याने उभारला त्याचे त्या वेळचे कर्ते पुरुष सर दोराबजी टाटा होत. त्यांच्या पत्नी मेहेरबाई या माहेरच्या भाभा. आणि त्यांचा भाचा होमी, जो भिऱ्याच्या यंत्रांवर पाणी पडू लागले त्याच वर्षी केंब्रिजला यंत्रशास्त्र शिकावयास गेला, त्याने शिक्षण संपवून जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात रुजू व्हावे अशी वडीलमंडळींची इच्छा होती. मुलाने पदवी घेतली, वडिलांस दिलेला शब्द पाळला आणि लगेच भौतिकशास्त्राकडे वळला. दोराबजी १९३२ साली वारले. त्यांच्या संपत्तीच्या विश्वस्त निधीकडे होमी भाभांनी १९४४ च्या मार्चमध्ये मूलभूत संशोधनाच्या संस्थेची दरखास्त केली, आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. ज्या घराण्याने मुळशीचे पाणी घाटाखाली सोडले त्याच घराण्याच्या पैशावर अणूच्या अंतरंगातील ऊर्जेचा विचार या देशात संस्थेच्या रूपाने सुरू झाला. मावळातून उठलेली माणसे आणि यापुढे ज्यांची हकीगत सांगावयाची आहे ते आपल्या जागेवरून भरकटणारे आयन यांत साधर्म्य शोधण्याचा मोह लेखकास होऊ शकतो. मी तो टाळतो. माणूस हा कण नव्हे, आणि मुळशीच्या खातेदाराचे दुःख कोणत्याही रूपकाच्या कामी लावण्याजोगे नाही. धागा आहे तो एका घराण्याचा, आणि ऊर्जेविषयी त्या घराण्यात पिढीजात चालत आलेल्या आत्मविश्वासाचा.

तो आत्मविश्वास १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे साऱ्या जगासमोर प्रकट झाला. अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवरील संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्षपद भाभांकडे होते. अमेरिका, ब्रिटन व रशिया यांच्या प्रयोगशाळांत हायड्रोजनच्या केंद्रकांचे संमीलन ताब्यात आणण्याचे प्रयत्न त्या वेळी गुप्ततेच्या कुलपात चालले होते, आणि परिषदेच्या विषयपत्रिकेवर तो विषय नव्हता. असे असता अध्यक्षीय भाषणात भाभांनी भाकीत केले की येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याची पद्धत सापडेल, आणि मग सागरांत जड हायड्रोजन आहे तोवर जगाची ऊर्जेची चिंता कायमची मिटेल. मुदत ठरली ती अशी : १९७५.

भाकीत करणाऱ्यास दोष देण्यापूर्वी अडचण कोठे होती ते पाहिले पाहिजे. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या जड हायड्रोजनच्या दोन प्रकारांची केंद्रके एकत्र आली की १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते, पण दोन्ही धनभारित असल्याने एकमेकांस दूर लोटतात, आणि त्यांना जवळ आणण्यासाठी वायू दहा कोटी अंशांच्या घरात तापवावा लागतो. या उष्णतेला इलेक्ट्रॉन सुटे होऊन आयनांचा आणि इलेक्ट्रॉनांचा जो प्रवाही संमिश्र समुदाय उरतो तो प्लाझ्मा. भांड्याच्या भिंतीला त्याचा स्पर्श होऊ देता येत नाही, म्हणून चुंबकीय क्षेत्राचे कुंपण. तापविणे आणि कुंपणात राखणे ही दोन कामे पहिल्या पिढीला जवळजवळ स्वतंत्र वाटली, आणि माझ्या मते त्या पिढीच्या साऱ्या उतावळेपणाचे मूळ तेथेच आहे.

पहिला फटका लवकरच बसला. १९५८ च्या जानेवारीत इंग्लंडमधील हार्वेल येथील ‘झीटा’ या यंत्रात न्यूट्रॉन आढळले आणि वृत्तपत्रांनी सूर्य पृथ्वीवर उतरल्याचे मथळे दिले. मे महिन्यात खुलासा करावा लागला. ते न्यूट्रॉन एकंदर वायूच्या उष्णतेतून आलेले नव्हते. प्लाझ्मा अस्थिर होऊन जी विद्युत्‌क्षेत्रे उत्पन्न झाली त्यांनी मूठभर आयनांस इतरांपेक्षा फार मोठा वेग दिला होता, आणि हेच आयन लक्ष्यावर आदळून संमीलनाचा आभास निर्माण करीत होते. संमीलनाच्या इतिहासात ऊर्जस्वी आयनांचा प्रवेश असा तोतयाच्या वेषात झाला.

मध्यंतरी रशियनांनी टोकामाक हे कंकणाकृती यंत्र पुढे आणले. त्यात बाहेरची वेटोळी एक चुंबकीय क्षेत्र देतात आणि प्लाझ्मातूनच वाहविलेला विद्युत्‌प्रवाह दुसरे, आणि दोहोंच्या संयोगाने बलरेषा कंकणाभोवती पिळल्या जाऊन एकात एक बसणारी बंदिस्त पृष्ठे तयार होतात. १९६८ साली नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत टी-३ या यंत्राचे आकडे जाहीर झाले तेव्हा पाश्चात्त्यांचा त्यांवर विश्वास बसेना. पुढल्या वर्षी कलहॅमच्या इंग्रज शास्त्रज्ञांची तुकडी आपली लेसरची उपकरणे घेऊन मॉस्कोस गेली, मोजमाप केले, आणि रशियनांचे म्हणणे खरे ठरले. शीतयुद्धाच्या ऐन भरात झालेली ही परस्परांच्या वह्यांची तपासणी हा विज्ञानाच्या इतिहासातील एक मनोहर प्रसंग होय. परंतु प्रवाहाने तापविण्यास एक मर्यादा आहे, कारण प्लाझ्मा जसजसा तापतो तसतसा त्याचा विद्युत्‌रोध घटतो आणि प्रवाहाची उष्णता त्याला लागेनाशी होते. बाहेरून ऊर्जा घालणे भाग होते. एक मार्ग वेगवान उदासीन अणूंचा झोत आत सोडण्याचा, दुसरा रेडिओलहरींचा.

भाभा हे पाहावयास नव्हते. १९६६ च्या जानेवारीत मों ब्लां शिखरावरील विमान अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांनी दिलेली मुदत १९७५ साली भरली, आणि त्या वर्षी घडले काय ते पाहिले म्हणजे योगायोगाचे नवल वाटते. मॉस्कोत टी-१० हे मोठे टोकामाक सुरू झाले, डिसेंबरात प्रिन्सटनला पीएलटी सुरू झाले, आणि प्रिन्सटनच्याच टॉमस स्टिक्स यांनी दोन जातींच्या आयनांनी बनलेला प्लाझ्मा रेडिओलहरींनी कसा तापतो याची उपपत्ती प्रसिद्ध केली. वीज निघाली नाही. निघाला तो पुढल्या अर्धशतकाला पुरणारा प्रश्न.

उपपत्तीचा गाभा असा. चुंबकीय क्षेत्रात आयन बलरेषेभोवती घिरट्या घालतो; एक टेस्ला क्षेत्रात प्रोटॉनच्या अशा घिरट्या सेकंदाला सुमारे दीड कोटी होतात, आणि तीन-चार टेस्लाच्या यंत्रात हा आकडा पन्नास मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे जुन्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाच्या पट्ट्यात जातो. त्याच वारंवारतेची लहर आत सोडली तर झोपाळ्याला वेळेवर दिलेल्या धक्क्याप्रमाणे प्रत्येक फेरीत आयनास ऊर्जा मिळत जाते. खोच पुढे आहे. शुद्ध एकजातीय प्लाझ्मात लहरीचे विद्युत्‌क्षेत्र नेमक्या त्या ठिकाणी उलट्या दिशेने फिरणारे होते आणि धक्का लागत नाही. परंतु ड्यूटेरियममध्ये काही टक्के साधा हायड्रोजन मिसळला, तर त्या अल्पसंख्य हायड्रोजनच्या अनुनादस्थानी क्षेत्राचा अनुकूल घटक शिल्लक राहतो, आणि साऱ्या लहरीची शक्ती त्या थोड्याशा आयनांवर एकवटते. ते लक्षावधी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत चढतात. मग टक्करींनी त्यांनी आपली ऊर्जा इतरांस वाटावी अशी अपेक्षा. पण स्टिक्सच्या गणिताने हेही सांगितले की एका ठराविक ऊर्जेच्या वर असलेला आयन प्रथम इलेक्ट्रॉनांना तापवितो, आणि पुरेसा मंदावल्यावरच आपल्या जातभाईंना. या अवधीत तो आत राहिला पाहिजे.

आत राहणे हेच कठीण. चुंबकीय क्षेत्र कंकणाच्या आतल्या बाजूस प्रबळ आणि बाहेरच्या बाजूस क्षीण असते. ज्या आयनाचा वेग बलरेषेला लंब दिशेने वाढविला, त्यास प्रबळ क्षेत्राकडे जाता जाता परत फिरावे लागते, आणि त्याचा मार्ग केळ्याच्या आकाराचा होतो. रेडिओलहर हा लंब वेगच वाढविते. म्हणून लहरीने तापविलेला जवळजवळ प्रत्येक आयन अशा केळीमार्गावर जाऊन पडतो, आणि त्याच्या मार्गाची टोके हळूहळू अनुनादाच्या उभ्या पट्ट्यावर येऊन ठेपतात. ऊर्जा वाढली की केळे रुंद होते. ते केवढे रुंद होईल हे प्लाझ्मातील प्रवाहावर अवलंबून असते. एक टेस्लाच्या क्षेत्रात दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या प्रोटॉनची नुसती घिरटीच सुमारे १४ सेंटिमीटर त्रिज्येची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे लहान यंत्रांत अशा आयनांस का थारा नाही हे वेगळे सांगावयास नको.

बरे, केळीमार्ग शांतपणे चालला तरी ठीक. पण प्लाझ्मा शांत नसतो. १९८३ साली प्रिन्सटनच्या पीडीएक्स यंत्रात झोताने आलेले वेगवान आयन आणि प्लाझ्माच्या केंद्राचे डोलणे यांच्या संगनमताने आयनांचे लोंढे बाहेर फेकले जाताना दिसले, आणि संवेदकाच्या आलेखावर उठलेल्या माशाच्या काट्यासारख्या आकृतीवरून त्या विकारास ‘फिशबोन’ हे नाव पडले. युरोपच्या जेट यंत्रात, इंग्लंडमधील कलहॅम येथे, उलट अनुभव आला : रेडिओलहरींनी तापविलेल्या आयनांच्या दाबाने प्लाझ्माच्या केंद्राची नेहमीची करवतीसारखी चढउतार काही सेकंद थोपविली गेली, सर्वांना आनंद झाला, आणि मग जेव्हा ती कोसळली तेव्हा साठलेले सारे एकदम विस्कटले. त्याच सुमारास उपपत्तीकारांनी दाखविले की आल्फव्हेन लहरींचे, म्हणजे चुंबकीय बलरेषांच्या तारेसारख्या थरथरण्याचे, काही विशिष्ट स्वर टोकामाकच्या कंकणाकृतीमुळे टिकून राहतात आणि ऊर्जस्वी आयन त्यांना खतपाणी घालतात. १९९१ साली प्रिन्सटनच्या टीएफटीआर यंत्रात ते स्वर प्रत्यक्ष ऐकू आले. याच यंत्रात रेडिओलहरींनी तापविलेले हायड्रोजन आयन या स्वरांच्या धक्क्यांनी चुंबकांच्या वेटोळ्यांमधल्या क्षीण क्षेत्राच्या खळग्यांत अडकले, तेथून खाली वाहत जाऊन पात्रावर एका जागी आदळले, आणि निर्वात पात्राला गळती लागली. कागदावरील एक सूक्ष्म परिणाम पोलादाला भोक पाडू शकतो, हे तेव्हा हिशेबनिसांनाही समजले.

आतापर्यंतच्या हकीगतीत लहर तापविते आणि दुसरे काहीतरी आयनास हलविते. परंतु लहर स्वतःही हलविते, आणि मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर प्रकरण हेच वाटते. १९८८ मध्ये लिऊ चेन, वात्स्लाविक आणि हॅमेट यांनी दाखविले की कंकणाभोवती एकाच दिशेने धावणारी लहर आयनास ऊर्जेच्या प्रत्येक मात्रेबरोबर कोनीय संवेगाचीही ठराविक मात्रा देते, आणि सममित कंकणात अडकलेल्या आयनाची केळीटोके कोणत्या चुंबकीय पृष्ठावर असावीत हे त्या संवेगावरच ठरत असल्यामुळे, ती टोके सरकू लागतात. लहर प्लाझ्माच्या प्रवाहाच्या दिशेने धाडली तर आत. विरुद्ध धाडली तर बाहेर. ज्या लहरीकडे केवळ इंधन म्हणून पाहिले जात होते ती बंदोबस्ताचेही काम करू शकते, असा याचा अर्थ. दहा वर्षांनी, १९९८ साली, जेटवरील लार्स-योरान एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पुरावा दिला. जेटच्या अँटेनांत शेजारीशेजारी चार पट्ट्या होत्या; त्यांतील प्रवाहांच्या कलांमध्ये नव्वद अंशांचा फरक एका बाजूने ठेवला की लहर एका दिशेस जाई, दुसऱ्या बाजूने ठेवला की उलट. शक्ती तीच, वारंवारता तीच, हायड्रोजनही तेवढाच. पण प्रवाहाच्या दिशेने लहर धाडली असता ऊर्जस्वी आयन केंद्राजवळ दाटले, आणि उलट धाडली असता विखुरले. चार पट्ट्यांच्या कलांतील एवढ्याशा बदलाने दशलक्ष व्होल्टांचे कण हवे तिकडे वळावेत, हे पाहून भाभांना आनंद झाला असता असे म्हणावयास हरकत नाही. वैश्विक किरणांतील वेगवान कणांच्या मागे त्यांनी तारुण्य घालविले होते.

आपल्याकडे या विषयास खरी सुरुवात भाकिताची मुदत टळून गेल्यावर झाली, आणि ती भाभांच्या अणुकेंद्रात, ट्रॉम्बेस, नव्हे तर अहमदाबादेस. प्रिन्सटनला काम केलेले प्रेधिमान कृष्ण काव १९८२ मध्ये परतले, भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत प्लाझ्माचा कार्यक्रम आकारास आला, १९८६ साली त्याची स्वायत्त संस्था झाली, आणि गांधीनगरजवळ भाट येथे १९८९ साली ‘आदित्य’ हे स्वदेशी टोकामाक चालू झाले. त्याच्या कंकणाची मोठी त्रिज्या ७५ सेंटिमीटर, प्लाझ्माची त्रिज्या २५. वर सांगितलेल्या १४ सेंटिमीटरच्या घिरटीचा हिशेब येथे ज्याचा त्याने करावा. रेडिओलहरींनी तापविण्याची यंत्रणा आदित्यवरही बसविली गेली. तिचे महत्त्व दशलक्ष व्होल्टांत नसून लहरी निर्माण करणे, त्या वाहून नेणे, अँटेना प्लाझ्मासमोर टिकविणे हे हातचे काम झाले यात आहे. या हातच्या कामाचाच मोबदला पुढे मिळाला. २००६ च्या नोव्हेंबरात पॅरिस येथे ‘आयटर’ या आंतरराष्ट्रीय यंत्राचा करार झाला तेव्हा भारताच्या वतीने सही करणारे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर होते, आणि भारताच्या वाट्यास आलेल्या कामांत मोठ्या शीतपात्राबरोबरच आयन तापविणाऱ्या रेडिओलहरींचे उगमही होते, प्रत्येकी अडीच मेगावॉटचे. काकोडकरांच्या मातोश्री कमलाताई गोव्याच्या मुक्तिलढ्यातल्या. सरकारी सहीच्या मागे असा एक बंडखोर वारसा असावा हे मराठी वाचकास सांगितल्यावाचून राहवत नाही.

जेटने १९९७ साली १६ मेगावॉट संमीलनशक्ती दाखविली, २०२१ मध्ये पाच सेकंदांत ५९ मेगाज्यूल ऊर्जा दिली, २०२३ मध्ये ६९, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात ते यंत्र कायमचे बंद झाले. त्याच्या अखेरच्या वर्षांत दोन जातींऐवजी तीन जातींचे आयन मिसळून, तिसऱ्या जातीचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी ठेवून, तिला प्रचंड ऊर्जा देण्याची रीत सिद्ध झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेले हे काम येवगेनी काझाकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. याचा उद्देश तापविण्याइतकाच तालमीचाही आहे. कारण ड्यूटेरियम-ट्रिटियमच्या प्रत्येक संमीलनातून ३.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक हेलियम आयन जन्मास येतो, भावी यंत्रात प्लाझ्मा तापता ठेवण्याचे काम मुख्यतः त्यानेच करावयाचे आहे, आणि तो मंदावण्यापूर्वी भिंतीवर जाऊन आदळला तर अग्नी विझतो व भिंतही जाते. रेडिओलहरींनी चढविलेले आयन हे या हेलियमचे बदली कामगार होत. त्यांच्यावरून त्याच्या वर्तनाचा अंदाज बांधावयाचा. आयटरच्या २०२४ साली सुधारलेल्या वेळापत्रकात ड्यूटेरियम-ट्रिटियमच्या प्रयोगांसाठी २०३९ हे साल दिलेले असून, तोपर्यंत हा अंदाज लहान यंत्रांतील मोजमापांवर आणि संगणकांतील केळीमार्गांवरच चालवावा लागणार आहे.